उघड्या पाठीची पिल्लं आणि पंखावरचा फिकट पट्टा : कोकणातल्या एका परड्याचा प्रकरण अभ्यास

परिस्थिती

गुहागर तालुक्यातली किनाऱ्यालगतची वाडी. चिऱ्याचं घर, मागे माड-पोफळीचं परडं म्हणजे आवार, पडवीला लागून पत्र्याच्या छपराचं खुराडं. मे महिन्यात या परड्यात दोन ठिकाणची पिल्लं एकाच वेळी आली. घरच्या खुडूक कोंबडीखाली बसवलेल्या अंड्यांतून ७ गावठी पिल्लं १४ मेला निघाली, आणि त्याच दिवशी उबवण केंद्रातून १२ ऱ्होड आयलंड रेड आणली. या जातीला गावात सगळे 'आरआयआर' म्हणतात, इथेही तेच म्हणू.

गावठी पिल्लं आईबरोबर राहिली. रात्री डालग्याखाली, दिवसा परड्यात. आरआयआरना आई नव्हती. ती पत्र्याखाली बांबूच्या कुडात, भाताच्या तुसावर, ६० वॉटच्या बल्बच्या उबेत वाढली. दाणा दोघांना एकच होता : पिल्लांचं स्टार्टर (लहान पिल्लांसाठी विकत मिळणारा दाणा) आणि तांदळाच्या कण्या. पहिल्या दिवशीची वजनं वहीत लिहिलेली होती. १२ आरआयआर मिळून ४४४ ग्रॅम, म्हणजे एकेक ३७ ग्रॅम. ७ गावठी मिळून १९६ ग्रॅम, म्हणजे एकेक २८ ग्रॅम. या दोन ओळी वहीत नसत्या तर पुढची बरीच उत्तरं मिळाली नसती.

सहा आठवडे पूर्ण झाले तेव्हा, २५ जूनला, घरच्यांच्या तक्रारी अशा होत्या. पाच आरआयआरची पाठ उघडी, कातडी दिसते. बाकीच्या आरआयआरच्या पंखावर तांबड्या रंगात आडवा फिकट पट्टा. दोन काळ्या गावठी पिल्लांच्या पंखांत पांढरं. एका गावठीची मान बोडकी. खुराड्यात रोज पिसं गळलेली सापडतात. गावठी तर आरआयआरच्या निम्म्यालाही धड नाहीत. शेजाऱ्यांनी सगळ्यावर एकच निदान केलं होतं, 'रोग लागलाय, विकून टाका.'

रोग एकालाच होता.

मोजणी कशी केली

पिल्लांची तुलना डोळ्यांनी केली तर ती फसते. पिसं फुलली की २५० ग्रॅमचं पिल्लू ३५० ग्रॅमचं दिसतं, आणि पिसं नसलेलं भरदार पिल्लू हाडकुळं वाटतं. म्हणून आधी प्रत्येक पिल्लाच्या पायात वेगळ्या रंगाची प्लॅस्टिकची पट्टी बांधली, करंगळीचं टोक आत सरकेल इतकी सैल. या वयात पाय झपाट्याने जाड होतो. दर आठवड्याला पट्टी सैल केली नाही तर ती कातडीत रुतते आणि पिल्लू लंगडतं. लोकरीचा धागा तर मुळीच नको, ओला झाला की आवळतो.

वजन सकाळी खुराडं उघडण्याआधी, पोट रिकामं असताना घेतलं. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, त्यावर लहान टोप, टोपात कापडी पिशवी, पिशवीत पिल्लू. काळोख झाला की पिल्लू स्थिर बसतं. संध्याकाळी घेतलेलं वजन या वजनाशी ताडून पाहू नये, भरलेली पोटळी (गळ्याखालची दाण्याची पिशवी) ताजव्यात ठळक फरक पाडते.

पंख मोजताना पिल्लू छातीशी धरून डावा पंख हलकेच उघडायचा. मधोमध एक आखूड पीस दिसतं. त्याच्या बाहेरच्या बाजूची दहा पिसं ती उड्डाणाची. आखूड पिसाच्या लगतचं पहिलं, टोकाकडचं दहावं. सगळ्या मोजण्या याच क्रमाने लिहायच्या, नाहीतर पुढच्या वेळी कुठलं पीस मोजलं होतं तेच कळत नाही. मोजपट्टी पिसाच्या बुडाशी, कातडीला टेकवून धरायची. वाढतं पीस ओळखणं सोपं : बुडाशी निळसर-काळपट नळी दिसते, तिच्यात रक्त असतं. ती मुरगळू नये, मोडली तर भळाभळा रक्त येतं. पिसाची वाढ संपली की तीच नळी पांढरी आणि कोरडी होते.

२५ जूनची वजनं अशी निघाली. उघड्या पाठीच्या पाचांपैकी चार आरआयआर ४१२, ४२८, ४४० आणि ४५६ ग्रॅम, सरासरी ४३४. पाचवं, निळ्या पट्टीचं, २३५ ग्रॅम. पाठ भरलेल्या सात आरआयआरची सरासरी ३६२ ग्रॅम. गावठी २१८ ते २९२, सरासरी २५२ ग्रॅम.

म्हणजे ज्यांना रोगी समजून विकायला काढलं होतं त्यांतली चार परड्यातली सगळ्यांत वजनदार पिल्लं होती.

उघडी पाठ : चौघांची आणि पाचव्याची

कोंबडीच्या पिल्लाला पिसं येण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी पंख, मग शेपूट, मग खांदे आणि छाती, आणि पाठ, पोट, मान सर्वांत शेवटी. हलक्या अंगाच्या जातींत हे सगळं लवकर उरकतं. भारी अंगाच्या जातींत उशीर लागतो, आणि त्यातही नर माद्यांच्या मागे असतात. चार-पाच आठवड्यांच्या आरआयआर नराची पाठ उघडी आणि त्याच वयाच्या मादीची झाकलेली, हे नेहमीचं चित्र. या चौघांचे तुरे पाहिले तर लालसर आणि उभारी धरलेले, पाय जाड. सात भरल्या पाठीच्या पिल्लांचे तुरे पिवळट, आखूड. चौघे कोंबडे, सात तलंगा म्हणजे तरुण माद्या.

पिसं लवकर की उशिरा येणार हे ठरवणारा एक जनुक लिंगगुणसूत्रावर असतो. उशिरा पिसं आणणारं त्याचं रूप प्रभावी, म्हणजे एकाच पालकाकडून आलं तरी दिसणारं. याच आधारावर उबवण केंद्रांत काही खास संकरांची एक दिवसाची पिल्लं पंख पाहून नर-मादी निवडतात : उड्डाणाची पिसं त्यांच्यावरच्या आच्छादक पिसांपेक्षा लांब असली तर मादी, सारखी किंवा आखूड असली तर नर. पण त्यासाठी बाप लवकर पिसं येणाऱ्या ओळीचा आणि आई उशिरा येणाऱ्या ओळीची असावी लागते. परड्यातल्या गावठीला किंवा एकाच जातीच्या शुद्ध पिल्लांना ही खूण लावून नर-मादी ठरवली तर निव्वळ अंदाज होतो. ही युक्ती सांगणारे ही अट सांगत नाहीत, आणि माणसं तलंग म्हणून कोंबडे विकत घेतात.

इथे उशिरात भर घालणारी आणखी एक गोष्ट होती : ऊब. आई नसलेल्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश सेल्सिअस लागतं आणि पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी कमी करायचं. कोकणात मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखाली तेवढं आपसूक असतं, बऱ्याचदा जास्तच. या घरी बल्ब चार आठवडे रात्रंदिवस चालू होता. जास्त उष्णतेत पिसांची वाढ मंदावते, शिवाय पिल्लं खातात कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात : बल्बखाली गोळा होऊन चिवचिव करत असतील तर गार, चोची उघड्या टाकून कुडाच्या कडेला पळत असतील तर गरम, सगळीकडे पसरून पहुडली असतील तर बरोबर. दुपारी बल्ब बंद आणि रात्री चालू, एवढा बदल मे महिन्यात पुरतो.

निळ्या पट्टीचं पिल्लू या चौघांत धरलं गेलं, कारण लांबून पाठ सारखीच उघडी. हातात घेतल्यावर फरक लगेच कळला. चौघांच्या पाठीची कातडी गुळगुळीत, गुलाबी, आणि तिच्यावर रांगेने नव्या पिसांचे कोंब आलेले. निळ्या पट्टीच्या पिल्लाच्या शेपटीच्या मुळाशी मोडक्या पिसांचे खुंट, सुकलेल्या रक्ताची खपली, तुरा फिका, छातीचं हाड बोटाला सुरीसारखं लागत होतं. गुदद्वाराभोवतीची पिसं विष्ठेने चिकटलेली आणि पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरट गुच्छ. ही पाठ उपजत उघडी नव्हती, टोचून उघडी केलेली होती.

वजनाची तुलना इथेच नीट करायला हवी. निळ्या पट्टीचं २३५ ग्रॅम, गावठीची सरासरी २५२. ग्रॅम पाहिले तर फार फरक नाही, म्हणूनच घरच्यांच्या लक्षात आलं नाही. पण पहिल्या दिवसाच्या वजनाच्या किती पट झालं ते काढा. आरआयआर नर ११.७ पट, माद्या ९.८ पट, गावठी ९ पट, निळ्या पट्टीचं ६.४ पट. गावठी पिल्लं मागे नव्हती. ती लहान अंड्यातून लहान आली आणि आपल्या चालीने नीट वाढली. अंड्याच्या वजनाच्या साधारण दोन तृतीयांश पिल्लू निघतं, त्यामुळे लहान अंड्याचं पिल्लू मोठ्या जातीच्या पिल्लाशी ग्रॅमात ताडणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. गावठी सहाव्या आठवड्यात आरआयआरएवढी दिसावी ही अपेक्षाच चुकीची, आणि या अपेक्षेपोटी चांगल्या गावठी माद्या लहानपणीच रश्शात जातात, याचं वाईट वाटतं.

रंगावरून काय कळतं आणि काय नाही

सात गावठींपैकी तीन पिल्लांच्या पाठीवर जन्मतः तपकिरी पट्टे होते, रानकोंबडीच्या पिल्लासारखे. त्यांतल्या माद्या पुढे मातकट तपकिरी होतात, नर तांबडे आणि काळ्या छातीचे. एक पिल्लू मलईच्या रंगाचं. घरच्यांनी ते 'पांढरं होणार' म्हणून धरलं होतं, पण सहाव्या आठवड्यात त्याच्या खांद्यावर गव्हाळ-तांबूस पिसं आली. मलईच्या रंगाची लव म्हणजे पांढरी कोंबडी, असं समीकरण नाही.

दोन काळी पिल्लं. त्यांचं पोट आणि पंखांची टोकं पहिल्या दिवसापासून पिवळट-पांढरी होती. काळ्या जातींच्या पिल्लांत हे नेहमीचं आहे, ब्लॅक ऑस्ट्रलॉर्पची पिल्लंही अशीच असतात. पहिल्या पिसांतही टोकाकडे पांढरं येतं आणि पुढच्या पिसांत ते काळं होतं. विकत घेतलेल्या 'काळ्या' पिल्लात पांढरं दिसलं की फसवणूक झाली असं लोक समजतात. आधी पीस बदलू द्यावं.

आरआयआरच्या शेपटीत आणि उड्डाणाच्या पिसांत काळं असतं. तो या जातीचाच भाग आहे, भेसळ नव्हे. चार ते सात आठवड्यांत ही पिल्लं चट्टेरी दिसतात, कारण जुनी लव उन्हाने फिकी पडलेली असते आणि नवं पीस गडद येतं.

सातवी गावठी बोडक्या मानेची. मानेच्या पुढच्या बाजूला पिसांचा एक झुबका होता. असा झुबका म्हणजे बोडक्या मानेचा जनुक आई-बापांपैकी एकाकडूनच आलेला. दोघांकडून आला असता तर मान जवळपास पूर्ण मोकळी राहिली असती. अशा पिल्लाच्या सगळ्या अंगावरच पिसं कमी असतात आणि त्यामुळे त्याला उकाडा कमी बाधतो. या पिल्लाचं वजन २७८ ग्रॅम, गावठींत दुसऱ्या क्रमांकाचं. कोकणच्या दमट उन्हाळ्यात अशी मादी परड्यात असणं फायद्याचं आहे, तिला कुरूप म्हणून काढू नये.

रंगाला बाजारात किंमत आहे, हे खरं. गावोगाव राखण (गावाच्या राखणदाराचा मान) देताना काही ठिकाणी ठराविक रंगाचा गावठी कोंबडा लागतो आणि त्यासाठी घरपोच विचारणा होते. त्या हिशेबाने तांबडा कोंबडा वेगळा ठेवायला हरकत नाही. पण रंगावरून तब्येत, वजन किंवा अंडी यांतलं काहीच ठरत नाही.

गळालेली पिसं

खुराड्यात रोज सापडणारी पिसं गोळा करून पाहिली. बहुतेक लहान, टोकाला लव चिकटलेली, बुड पांढरं आणि कोरडं. त्यात उड्डाणाची काही आखूड पिसं. पंख उघडला तर आखूड पिसालगतचं पहिलं पीस गळून त्याजागी नवा कोंब आलेला. पिल्लाचा पहिला पिसारा सहाव्या आठवड्याच्या सुमाराला बदलू लागतो, आणि पंखात तो आतून बाहेर, पहिल्या पिसापासून क्रमाने बदलतो. गळलेल्या पिसाचं बुड कोरडं असेल तर काळजी नको. बुडाशी रक्त असेल तर कुणीतरी टोचतंय.

फिकट पट्टा

या प्रकरणातला सगळ्यांत शिकण्यासारखा भाग हा. तलंगांच्या आणि कोंबड्यांच्या, दोघांच्याही पंखांत सहाव्या, सातव्या, आठव्या पिसांवर बुडापासून ठराविक अंतरावर एक बारीक, पारदर्शक आडवी रेघ होती. त्या रेघेवर पिसाचे तंतू विरळ, काही ठिकाणी तुटलेले. रेघेच्या बुडाकडच्या बाजूला लगेच फिकट पट्टा सुरू होत होता आणि पुढे पुन्हा नेहमीचा तांबडा रंग. डाव्या-उजव्या पंखांत दोन्ही खुणा सारख्याच अंतरावर.

पीस बुडाशी तयार होतं आणि वर ढकललं जातं. टोक सर्वांत जुनं, बुड सर्वांत नवं. म्हणजे पिसावरची खूण कधीची ते काढता येतं, फक्त रोजची वाढ माहीत हवी. एका तलंगेचं आठवं पीस २५ जूनला ९५ मिलिमीटर होतं, २९ जूनला १०७. चार दिवसांत १२, रोज ३ मिलिमीटर. २५ जूनला बारीक रेघ कातडीपासून ४५ मिलिमीटरवर होती : ४५ भागिले ३, पंधरा दिवस, म्हणजे १० जून. फिकट पट्टा कातडीपासून २१ मिलिमीटरवर संपत होता : सात दिवस, म्हणजे १८ जून. खराब दिवसांत पिसाची वाढ थोडी मंदावते, आणि पिसाचा सर्वांत नवा भाग कातडीखाली असतो, त्यामुळे हिशेबात एक-दोन दिवसांची चूक धरावी. मोजायचं मात्र वाढतं पीस. नळी पांढरी झालेल्या पिसावर हा हिशेब लागू होत नाही.

तारखा हातात आल्यावर वही उघडली. ९ जूनच्या रात्री पावसाने जोर धरला, पत्र्याच्या सांध्यातून पाणी आत आलं, तूस भिजलं, वीज गेली. पिल्लं अर्ध्या पिसांवर ओली राहिली. त्याच पावसात भिंतीला टेकवून ठेवलेली स्टार्टरची गोणी खालून भिजून तिला बुरशी धरली. ती फेकून दिली, हे उत्तम केलं. बुरशीचा दाणा उन्हात वाळवला तरी त्यातलं विष जात नाही. नवी गोणी १८ जूनला आली. मधले आठ दिवस नुसत्या कण्या.

आता दोन खुणांची दोन कारणं वेगळी लागतात. बारीक पारदर्शक रेघ ही एका धक्क्याची असते : गारठा, ताप, उपास, मोठी भीती. फिकट पट्टा हा काही दिवस चाललेल्या कुपोषणाचा. पीस मुख्यतः प्रथिनांचं असतं आणि तांदळाच्या कण्यांत प्रथिनं साधारण ८ टक्के, पिल्लाला लागतात २० च्या आसपास. शिवाय कण्यांत लायसिन (प्रथिनांतला एक घटक) कमी, लोह आणि फोलिक आम्लही कमी. रंगीत कोंबड्यांत लोह, तांबं किंवा फोलिक आम्ल कमी पडलं की पिसाचा रंग उतरतो. लायसिन कमी पडल्याचा पांढरा पट्टा टर्कीच्या पिल्लांत फार ठळक दिसतो. नुसत्या कण्यांवर यांतलं एकच काही कमी पडत नाही, सगळंच पडतं, म्हणून एका औषधाच्या मागे धावण्यात अर्थ नाही. लोहाचे थेंब मनाने पाजू नयेत.

गावठी पिल्लांनी इथे मोठी साक्ष दिली. त्या आठ दिवसांत त्यांनाही कण्याच होत्या, तरी त्यांच्या पंखांत पट्टा नव्हता. कारण आई त्यांना परड्यात घेऊन फिरत होती. पाऊस पडला की वारूळं फुटतात, वाळवी निघते, गांडुळं वर येतात. तुटीची भरपाई तिथे झाली. बारीक रेघही नव्हती, कारण त्या रात्री ती आईच्या पंखांखाली कोरडी होती. आणखी एक शंका होती : ११ जूनला लासोटाची, म्हणजे मानमोडीवरच्या (राणीखेत रोगावरच्या) लसीची दुसरी मात्रा डोळ्यात टाकली होती, तिचा तर हा परिणाम नाही ना? लस सगळ्या १९ पिल्लांना दिलेली. गावठींना रेघ नाही, म्हणून लस सुटली. कोकणात मानमोडी एका आठवड्यात परडं रिकामं करते. पंखावरच्या रेघेच्या भीतीने लस टाळणारा माणूस सगळंच गमावतो.

पट्ट्याच्या इतर शक्यता कशा वगळल्या, तेही थोडक्यात. जातीचा पट्टा असता तर तो प्रत्येक पिसावर सबंध लांबीभर ठराविक अंतराने आणि अंगावरही आला असता. काळ्या गावठींचं पांढरं टोकाला होतं आणि जन्मापासून होतं, हे मधोमध. दुखापतीचा असता तर दोन्ही पंखांत सारख्या अंतरावर नसता.

केलेले उपाय

निळ्या पट्टीचं पिल्लू त्याच दिवशी वेगळं केलं, पण जाळीपलीकडे, बाकीच्यांना दिसेल असं. पूर्ण एकटं पाडलेलं पिल्लू परत सोडलं की त्याला जास्त मारतात. विष्ठेचा नमुना पशुवैद्यकीय दवाखान्यात दिला, रक्ती हगवण निघाली. भिजलेलं तूस आणि तीन ते सहा आठवड्यांचं वय, हे तिचं नेहमीचं घर. डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात अँप्रोलियम सगळ्याच आरआयआरच्या पाण्यात दिलं आणि तेवढे दिवस बी-जीवनसत्त्वाचं टॉनिक बंद ठेवलं, कारण हे औषध थायमिनच्या (बी-१ जीवनसत्त्वाच्या) वाटेत अडथळा आणूनच काम करतं. उवांसाठी डॉक्टरांकडची भुकटी पंखांखाली आणि गुदद्वाराभोवती, दहा दिवसांनी पुन्हा एकदा, कारण पहिल्या वेळी लिखा मरत नाहीत. पडवीच्या कोरड्या कोपऱ्यात जुन्या घमेल्यात राख आणि वाळू ठेवली. पावसाळ्यात कोंबड्यांना धूळ मिळत नाही आणि उवा त्यामुळेच वाढतात.

ओलं तूस सगळं काढलं, जमीन वाळू दिली, चुना भुरभुरवला, वर तीन इंच कोरडं तूस. पत्र्याच्या सांध्यावर झावळ्यांची झाप. रोज एकदा तूस उकरायचं. मूठभर तूस दाबलं आणि गोळा राहिला तर ते बदलायला झालं.

स्टार्टर पुन्हा संपलं तर काय, यासाठी घरी करता येईल असं १ किलो मिश्रण ठरवून दिलं : कण्या ५०० ग्रॅम, तांदळाचा कोंडा १७०, शेंगदाणा पेंड १७०, सुक्या जवळ्याची भुकटी १२०, कोंबड्यांचं खनिज मिश्रण २५, शिंपल्यांची पूड १५. प्रथिनं साधारण १९ ते २० टक्के भरतात. जवळा बिनमिठाचा, उन्हात वाळवलेलाच हवा. खारवलेली सुकट पिल्लांना चालत नाही, मिठाने ती पाणी पीत सुटतात, पातळ हगतात आणि मरतातही. वेगळं मीठ घालू नये. पेंड पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतीच आणावी, वास कुबट आला तर टाकावी. हे मिश्रण अडीनडीला, स्टार्टरऐवजी कायमचं नाही, कारण जीवनसत्त्वांचा हिशेब त्यात भरत नाही. सोबत कोवळा पाला रोज द्यावा. अंड्यावरच्या कोंबड्यांचा दाणा मात्र पिल्लांना कधीच घालू नये. त्यातलं कॅल्शियम पिल्लांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. १९ पिल्लांना या वयात दिवसाला सुमारे ७०० ग्रॅम दाणा लागतो. दाण्याची गोणी झाकणाच्या पिंपात, पिंप फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर.

बाराव्या आठवड्यात

चारही कोंबड्यांची पाठ नवव्या आठवड्यापर्यंत पूर्ण भरली, कसलंही औषध न देता. ६ ऑगस्टला कोंबडे सरासरी १,०६० ग्रॅम, आरआयआर तलंगा ८४०, गावठी ६३० ग्रॅम. कोंबड्यांच्या कमरेवर टोकदार, चमकदार पिसं उतरू लागली होती, माद्यांची तीच पिसं टोकाला गोल. सहाव्या आठवड्यात तुऱ्यावरून केलेली निवड सगळी बरोबर निघाली. पंखात आतली पिसं नवी, एकसारखी तांबडी. बाहेरच्या जुन्या पिसांवर पट्टा अजून होता, सातव्या पिसाचं टोक रेघेवर मोडलेलं. मोडलेलं पीस ओढून काढू नये, ते बदलाच्या वेळी आपोआप गळतं.

निळ्या पट्टीचं पिल्लू ६७० ग्रॅमवर आलं. पाठीला पिसं आली, कारण जिथून पीस मुळासकट उपटलं गेलं होतं तिथे लगेच नवं फुटतं. शेपटीचे मोडके खुंट मात्र तसेच. त्याला घरच्या खाण्यापुरतं धरलं, त्याची पैदास करायची नाही असं ठरलं. ठेवायच्या माद्या निवडताना पिसाऱ्याची घाई पाहिली नाही. सहाव्या आणि बाराव्या आठवड्याचं वजन, पायांची ठेवण आणि तुऱ्याचा रंग पाहून पाच आरआयआर तलंगा आणि तीन गावठी ठेवल्या. बोडक्या मानेची त्यांत आहे.

पुढच्या वर्षीचं वेळापत्रकही बदललं. आई नसलेल्या पिल्लांचा पहिला पिसारा भरायला सहा आठवडे लागतात आणि कोकणात पाऊस मृगाच्या आसपास धरतो. तेव्हा विकतची पिल्लं एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत घरात यायला हवीत. कोंबडीखाली अंडी बसवायची तर पाडव्याच्या सुमाराला, म्हणजे २१ दिवस उबवणीचे धरून पावसाआधी अंग झाकलं जातं. मे महिन्याची पिल्लं घ्यावीच लागली तर ती खुडूक कोंबडीखाली रात्री सोडून पाहावीत. एक दिवसाची असतील आणि कोंबडीची स्वतःची पिल्लं त्याच रात्री निघत असतील तर ती बहुधा आपली म्हणून घेते. मोठ्या कोंबडीखाली सगळी मिळून बारा-तेरा पिल्लं कोरडी राहतात, त्याहून जास्त सोडू नयेत.